सर्किटवरचा वेग गो-कार्ट ट्रॅकवर शिकता येतो का? सुपरमोटोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून चेन्नईचा मोटरसायकल शर्यतीचा ट्रॅक, म्हणजे सर्किट, हजार-बाराशे किलोमीटर. जाणं-येणं, गाडीचा टेम्पो, लॉज, टायर असा सगळा हिशेब केला की आमच्यासारख्या नोकरदार रायडरला वर्षातून दोनदा तिथे जाणं जमतं. उरलेले दहा महिने काय करायचं? आमच्या चार-पाच जणांच्या टोळक्यानं त्यावर सुपरमोटोचा उपाय काढला. तेव्हापासून भेटेल तो ठरावीक प्रश्न विचारतो. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

सुपरमोटो म्हणजे नेमकं काय?

मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या उड्यांच्या शर्यतीची, उंच, हलकी, एका सिलिंडरची गाडी घ्यायची. तिची मातीतली मोठी चाकं काढून १७ इंची चाकं, डांबरावरचे टायर आणि पुढे मोठी ब्रेक डिस्क लावायची. झाली सुपरमोटो. हँडल रुंद, सीट सपाट, सस्पेन्शन लांब. शर्यतीचा ट्रॅक बहुतांश डांबरी असतो आणि मध्ये एक तुकडा मातीचा, उड्यांसह.

जन्म टीव्हीवरचा. १९७९ साली अमेरिकेत एबीसी वाहिनीच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ या कार्यक्रमासाठी गॅव्हिन ट्रिप या आयोजकानं कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅड इथे ‘सुपरबायकर्स’ नावाची शर्यत भरवली. मोटोक्रॉसवाले, फ्लॅट ट्रॅकवाले (मातीच्या सपाट ट्रॅकवर गाड्या घसरवत पळवणारे) आणि सर्किटवाले एकाच ट्रॅकवर सोडले, तर खरा रायडर कोण ठरेल, हे त्यांना बघायचं होतं. पहिल्या वर्षी मोटोक्रॉसवाला केंट हॉवर्टन जिंकला. १९८५ नंतर तिथला कार्यक्रम बंद पडला, पण फ्रान्स, बेल्जियम, इटलीत खेळ रुजला आणि २००२ पासून त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली.

सर्किटच्या रायडरला याचा खरंच उपयोग होतो, की नुसती मजा?

मजा येतेच, नाकारत नाही. पण उपयोग कुठे आहे ते आकड्यांत बघा.

गाडी वळणात किती झोपते हे दोनच गोष्टींवर ठरतं, वेग आणि वळणाची त्रिज्या. टायरची रुंदी वगैरे बाजूला ठेवू. १० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ३६ किलोमीटरला गाडी आणि रायडर मिळून साधारण ४५ अंश झोपतात. तेच ४५ अंश १०० मीटर त्रिज्येच्या वळणात हवे असतील तर वेग लागतो ताशी ११३. टायरकडून मागितलेली ग्रिप दोन्हीकडे सारखीच. फरक पडल्यावर कळतो, कारण ११३ च्या वेगातली ऊर्जा ३६ च्या जवळपास दहापट असते. म्हणजे ग्रिपच्या काठावर गाडी कशी वागते, पुढचं चाक सुटायच्या आधी हँडलमध्ये काय जाणवतं, हे सगळं सायकलपेक्षा थोड्या जास्त वेगात अनुभवता येतं. पडलात तर बहुतेक वेळा उठून, पँट झटकून, गाडी उचलून पुन्हा निघता.

दुसरा हिशेब आवर्तनांचा. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, त्यात १२ वळणं. दोन मिनिटांची लॅप धरली तर पंधरा मिनिटांच्या सेशनमध्ये सात लॅप, म्हणजे ८४ वळणं. गो-कार्ट ट्रॅकवर पन्नास सेकंदांची लॅप आणि दहा वळणं धरा, तेवढ्याच वेळात १८० होतात. तबलजी कायदा हजार वेळा घोटतो तेव्हा तो हातात बसतो, इथेही तसंच.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सुपरमोटोचं सस्पेन्शन लांब असल्यामुळे ती चुगली करते. ब्रेक झटक्यानं धरलात की नाक जमिनीकडे जातं, झटक्यानं सोडलात की गाडी बेडकासारखी उसळते. सर्किटच्या कडक गाडीत हाच आडदांडपणा लपून जातो आणि आपण स्वतःला सफाईदार समजत राहतो.

मोठे रायडर हे करतात का?

करतात. अनेक वेळचा विश्वविजेता व्हॅलेंटिनो रॉसी यानं इटलीत तावुल्लिया या आपल्या गावाजवळ ‘रँच’ नावाचा मातीचा सरावाचा ट्रॅक उभारला, तिथे त्याचे शिष्य मातीत गाड्या घसरवत असतात. तो फ्लॅट ट्रॅक झाला, पण हेतू तोच, कमी ग्रिपवर हात बसवणं. दुसरा विश्वविजेता मार्क मार्केस, तोही मातीतला तालीमबाज. खुद्द सुपरमोटोतून वर आलेलं नाव हवं असेल तर ट्रॉय हरफॉस. या ऑस्ट्रेलियन रायडरनं आधी अमेरिकेत सुपरमोटो चालवली आणि पुढे आपल्या देशाचं सुपरबाइक अजिंक्यपद एकाहून अधिक वेळा जिंकलं.

मात्र ‘मार्केस करतो म्हणून मी’ हे कारण पुरेसं नाही. त्यांच्यामागे फिजिओ असतो. आपल्यामागे सोमवारची नऊची मीटिंग असते.

पाय बाहेर का काढतात? गुडघा टेकवायचा नाही का?

टेकवला तरी चालतो. मोकळ्या, वेगवान वळणांत बरेच सुपरमोटो रायडर गुडघाच काढतात. पण कार्ट ट्रॅकच्या हेअरपिनसारख्या अरुंद वळणांत पाय बरा पडतो.

सर्किटवर आपण अंग आत लोंबकळवतो आणि गाडी त्या मानानं उभी ठेवतो. सुपरमोटोत उलट, अंग सरळ ठेवून गाडी खाली ढकलायची. बाहेरचा कोपर वर, भार बाहेरच्या फूटरेस्टवर, आतला पाय पुढच्या चाकाच्या आसाकडे लांब. पाय पुढे गेला की वजनही पुढे जातं, पुढच्या चाकाची पकड वाढते. शिवाय गाडी अंगाखाली इकडून तिकडे पटकन फिरवता येते आणि चाक सटकलं तर सावरायला जागा राहते.

पाय टेकू म्हणून वापरायचा नाही. तो जमिनीला नुसता चाटून जातो. पहिल्याच दिवशी मी पाय पुढे न ठेवता मागे राहू दिला, बुटाची टाच डांबरात अडकली आणि घोटा मुरगळला. दोन आठवडे ऑफिसात लिफ्टनं जायचो, तीही पहिल्या मजल्यावर.

ते मागचं चाक बाहेर काढत वळणात शिरणं कसं करतात?

सगळ्यांना खरं तर हाच प्रश्न विचारायचा असतो, बाकीचे तोंडी लावायला.

इंग्रजीत त्याला ‘बॅकिंग इन’ म्हणतात. क्रम असा. सरळ रेषेत पुढचा ब्रेक जोरात धरायचा. वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं. आता पटापट गियर खाली घ्यायचे आणि क्लच एकदम न सोडता बोटाबोटानं सोडायचा, म्हणजे इंजिनचा ब्रेक मागच्या हलक्या चाकाला थोडं ओढून धरतो. सोबत मागच्या ब्रेकचा हलका स्पर्श. चाक रस्त्यापेक्षा किंचित हळू फिरू लागलं की त्याची बाजूची पकड कमी होते. या क्षणी गाडी वळणाकडे जराशी झुकवली की मागची बाजू बाहेर सरकते. नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर. गाडी वळू लागली की ब्रेक हळूहळू सोडत जायचं, चाक पुन्हा फिरू लागतं आणि गाडी आपोआप रांगेत येते.

घोटाळा शेवटच्या पायरीला होतो. मागचं चाक पूर्ण लॉक, गाडी आडवी, आणि घाबरून ब्रेक एकदम सोडला, तर चाकाला झटक्यात ग्रिप मिळते, गाडी उलट्या बाजूला उसळते आणि रायडरला वर फेकते. हा हाय-साइड. नुसतं घसरून पडण्यापेक्षा तो कितीतरी वाईट. म्हणून नवख्यानं पहिले दोन-तीन दिवस या भानगडीत पडू नये. मागचं चाक टकटक उडायला लागलं तर क्लच किंचित दाबा, उडणं थांबेल. स्लिपर क्लच (इंजिनचा ब्रेक जास्त झाला की आपोआप थोडा सुटणारा क्लच) असेल तर हे काम बरंचसं तोच करतो.

पण सर्किटवर मी असा घसरत शिरणारच नसेन, तर शिकून काय फायदा?

बरोबर आहे, घसरवणं बऱ्याचदा वेळखाऊच असतं. पण शिकताना ज्या गोष्टी अंगवळणी पडतात त्या तुमच्यासोबत येतात.

पहिली, भीती मरते. सर्किटवर मागचं चाक दोन बोटं सरकलं की नवखा रायडर अॅक्सिलरेटर खटकन बंद करतो, आणि तिथेच गाडी फेकते. शेकडो वेळा चाक सरकलेलं अनुभवलं की हात शांत राहतो. दुसरी, ब्रेक सोडायची कला. ब्रेक मारणं सगळ्यांना येतं, सोडणं येत नाही. वळणात शिरताना ब्रेकचा दाब झुकावाच्या उलट प्रमाणात कमी करत नेणं, म्हणजेच ट्रेल ब्रेकिंग, कार्ट ट्रॅकवर मिनिटाला दहा-बारा वेळा घोटलं जातं. चेन्नईत परत गेलो तेव्हा माझी ब्रेक मारायला सुरुवात करायची जागा तीच होती. मात्र ब्रेक सोडायची जागा बरीच आत गेली होती आणि गाडी कमी कष्टात वळत होती. तिसरी, नजर. दर पाच सेकंदांनी नवं वळण येत असेल तर पुढच्या चाकाकडे बघत बसायला वेळच मिळत नाही.

जे येत नाही तेही सांगतो. ताशी दीडशेच्या वरून ब्रेक मारण्याचा अंदाज, टाकीवर झोपून वारा कापणं, लांब वळणात मिनिटभर वाटावं इतका वेळ गाडी झोपवून ठेवणं, यातलं काही सुपरमोटो शिकवत नाही. त्यासाठी चेन्नईचा किंवा कोइम्बतूरचा ट्रॅक गाठावाच लागतो.

कुठली गाडी घ्यावी?

परदेशात ४५० सीसीची मोटोक्रॉस गाडी बदलून घेतात. तिचं इंजिन किलोमीटरवर नाही, तासांवर चालतं. ऑइल, पिस्टन, सगळं तास मोजून बदलायचं. सरावासाठी मला ते परवडत नाही आणि गरजही वाटत नाही.

आपल्याकडे हिरोची एक्सपल्स २०० हा सरळ मार्ग आहे. पुढे २१ आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं असतात, ती उतरवून १७ इंची रिम विणून घ्यायच्या. ताकद जेमतेम १९ पीएस, वजन जास्त. पण शिकण्यासाठी कमी ताकद वरदान आहे. सरळ रस्त्यावर वेळ भरून काढता येत नाही, म्हणून वळणातला वेग सांभाळावाच लागतो. चाकं बदलल्यावर गाडी खाली बसते, साइड स्टँड लांब पडतो, गिअरिंग बदलतं आणि स्पीडोमीटरचा आकडा खोटा होतो. स्पोक विणणारा चांगला कारागीर आधी शोधा, गाडी नंतर.

माझ्याकडे केटीएमची ड्यूक आहे, ती चालेल का?

सुरुवातीला पळेल. चाकणमध्ये बनणाऱ्या ३९० ड्यूकच्या एबीएसमध्ये (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) तर ‘सुपरमोटो’ नावाचा मोडच आहे. त्यात मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं, पुढचं चालू राहतं. नाव कुठून आलं ते आता कळलं असेल. पण ड्यूकचं हँडल आणि बसण्याची ठेवण वेगळी, वजन जास्त, आणि पडली की खर्च जास्त. हप्ते चालू असलेल्या गाडीवर कुणी नीट शिकत नाही, मन सतत टाकीवरच्या ओरखड्यात असतं.

बदललेली गाडी रस्त्यावर चालवता येईल?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. पोलीस आणि विमा कंपनी दोघांशी वाद घालण्यापेक्षा गाडी टेम्पोत घालून न्या.

सराव कुठे करायचा?

गो-कार्ट ट्रॅक हेच उत्तर. पण प्रत्येक कार्ट ट्रॅकवाला मोटरसायकल आत घेतोच असं नाही, आणि त्याची भीती खोटी नाही. फूटरेस्ट डांबर उकरतात, सांडलेल्या ऑइलनं दिवस वाया जातो. आधी फोन करा, सकाळचे पूर्ण ट्रॅकचे तास गटानं मिळून घ्या, फूटरेस्टच्या टोकांना नायलॉनचे गट्टू बसवून दाखवा. मग दार उघडतं. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, कार्टिंगच्या राष्ट्रीय शर्यती तिथे झाल्या आहेत. कोल्हापूरकरांचा या खेळातला जीव जुना आहे.

ट्रॅकवर टायरच्या भिंती कुठे आहेत ते चालत फिरून बघा. कार्टसाठी बनवलेल्या ट्रॅकवर भिंत जवळ असते. कार्टवाला बसलेला असतो, तुम्ही उडून जाता. अशा वळणात वेग वाढवायचा नाही, हे आधीच ठरवून टाका.

रिकामं पार्किंग, एमआयडीसीचा ओसाड रस्ता, लवासाचा घाट? नाही. तिथे समोरून दुधाची गाडी येते.

पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी दोन शंकू ठेवून आठाचा आकडा. कंटाळा येईपर्यंत, आणि आल्यावर अजून दहा मिनिटं. मग सरळ रेषेत ताशी तीसला क्लच दाबून मागचं चाक लॉक करा आणि गाडी थांबेपर्यंत लॉक ठेवा. गाडी डोलते, पडत नाही. हे अंगाला एकदा पटलं की अर्धी भीती जाते. त्यानंतर पूर्ण ट्रॅक एकाच गियरमध्ये, ब्रेकला हात न लावता फिरा. वळणात किती वेग नेता येतो याचा अंदाज येतो. दुपारनंतर ब्रेक वापरायला लागा. संध्याकाळी घसरवायचा मोह होईल, तेव्हाच थांबा. थकलेल्या हातांनी क्लच नीट सुटत नाही.

धोका किती?

कमी वेग म्हणजे शून्य धोका नव्हे. मॅक्स बियाजी, सहा वेळचा विश्वविजेता, जून २०१७ मध्ये इटलीत लाटिना इथल्या छोट्या ट्रॅकवर सुपरमोटोचाच सराव करताना पडला. अनेक बरगड्या मोडल्या, अतिदक्षता विभागात राहावं लागलं. शर्यतीच्या शेकडो किलोमीटरच्या वेगातून वाचलेला माणूस सरावाच्या ट्रॅकवर मरणाच्या दारात जाऊन आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रॉसीचा पाय मोडला, तोही एन्ड्युरोच्या, म्हणजे खडबडीत कच्च्या वाटांवरच्या, सरावात.

त्यामुळे एकट्यानं सराव नाही. ट्रॅकवर दोघांपेक्षा जास्त गाड्या असतील तर झेंडा घेऊन एक माणूस उभा हवा. जवळचं अस्थिरोगाचं रुग्णालय कुठे आहे आणि तिथे नेणारी गाडी कोण चालवणार, हे सकाळीच ठरलेलं हवं.

कपडे कुठले?

सर्किटचा पूर्ण लेदर सूट, पाठीचं आणि छातीचं संरक्षण, पण बूट मोटोक्रॉसचे. सर्किटचा बूट पाय बाहेर काढायला फार नाजूक पडतो. तळवा गुळगुळीत आणि बदलता येण्यासारखा असेल तर उत्तम. खोल नक्षीचा तळवा डांबरात रुततो, माझ्या घोट्याला विचारा.

खर्च परवडतो का?

टायर आणि ट्रॅकचं भाडं हे मोठे आकडे, बाकी किरकोळ. पाच जणांत भाडं वाटलं की एक दिवस चेन्नईच्या वारीपुढे चिल्लर वाटतो. लिव्हरचे दोन जोड मात्र कायम जवळ ठेवा, ते बिस्किटासारखे तुटतात.

पावसाळ्यात बंद ठेवायचं का?

उलट आमचे सगळ्यात चांगले दिवस जुलैतले. ओल्यात ग्रिप बरीच कमी होते, त्यामुळे सगळं आणखी हळू आणि आणखी स्पष्ट होतं. हात राकट असेल तर पाणी लगेच सांगतं. फक्त पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास चहा प्या. उन्हाळाभराचं रबर आणि ऑइल वर येतं तेव्हा ट्रॅक साबणासारखा होतो.

मातीचा भाग हवाच का?

शिकण्यासाठी नाही. मिळाला तर सोडू नका.

सर्किटवर परतल्यावर वाईट सवयी लागत नाहीत का?

लागतात. सुपरमोटोच्या एका हंगामानंतर चेन्नईत पहिल्याच सेशनला हळू वळणात माझा डावा पाय आपोआप फूटरेस्ट सोडून बाहेर आला. सर्किटच्या गाडीत, त्या झुकावाला, पाय गाडीखाली सापडू शकतो. मागून येणाऱ्या मित्रानं पिटमध्ये विचारलं, “काय रे, रिक्षा थांबवत होतास?” आता मी सर्किटला जायच्या आधीचा सुपरमोटोचा एक दिवस मुद्दाम गुडघा काढूनच चालवतो. सरळ बसायची सवय मोडायलाही तेवढा दिवस लागतो. मागच्या ब्रेकवरचा पाय मात्र मी तसाच राहू दिला आहे. त्याचा फायदाच झाला.

चाळिशीनंतर सुरू केलं तर चालेल?

आमच्यातला सगळ्यात वेगवान माणूस सत्तेचाळीसचा आहे. गुडघे धरून गाडीवरून उतरतो, पण चढला की आम्हाला सापडत नाही.